नेट गेलं की टॉवरला दोष देण्याआधी घरातली वायर बघा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात गावोगावी नेट पोचल्याच्या बातम्या मी नेमानं वाचते आणि त्या खऱ्याच आहेत, आमच्या गावातही खांबाखांबावरून फायबर आलं आहे. पण खांबावरून घरात आणि घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेट नेताना जे हाल होतात त्याबद्दल कुठंच काही छापून येत नाही, म्हणून हे पत्र लिहून राहिली. पत्र लांब झालं आहे पण कापू नका ही विनंती, यातली प्रत्येक गोष्ट आम्ही जवळजवळ दीड वर्ष भोगलेली आहे आणि आमच्यासारखी घरं या भागात खूप आहेत.

मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. घर म्हणजे पुढं सासऱ्यांच्या वेळचं मातीचं, दोन-दोन फुटाच्या भिंती, वर टिना, मधात अंगण आणि मागं आम्ही २०१९ मध्ये बांधलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या. फायबर मागच्या गल्लीतल्या खांबावरून येतं म्हणून कंपनीचा डबा (राउटर) मागच्या खोलीत लागला, आणि सेंटर पुढच्या खोलीत कारण रस्ता पुढं, लोकं पुढूनच येतात. दोन्हीच्या मधात तीसेक मीटर अंतर. बांधकाम चालू होतं तेव्हा गावात नेट नव्हतं पण पुढं येईलच म्हणून लाईट फिटिंगवाल्या भाऊंनी नेटची वायर पण तेव्हाच टाकून दिली होती, लाईटच्याच पाइपातून वर नेली, स्लॅबवरून टिनांच्या खालून पुढच्या खोलीत उतरवली. वेगळा खर्च वाचला म्हणून आम्हालाही तेव्हा बरंच वाटलं.

पुढं फायबर आलं, ती वायर जोडली, आणि थोड्याच दिवसांत त्रास चालू झाला. सकाळी सगळं सुरळीत, अकरा वाजले की अडकायला लागायचं, दुपारी दोन-तीनला तर पानच उघडायचं नाही, आणि संध्याकाळी उन्हं उतरली की पुन्हा चालू. पावसाळ्यात याच्या उलट, झड लागली की दोन-दोन दिवस बंद. सरकारच्या २०२३ च्या व्याख्येप्रमाणं ब्रॉडबँड म्हणायचं तर कमीत कमी २ एमबीपीएस स्पीड पाहिजे, आम्ही पैसे १०० चे भरत होतो आणि दुपारी माझ्या टेबलावर दोन पण मिळत नव्हते.

याचा अर्थ काय होतो ते सांगते. मागच्या वर्षी जुलै महिना संपत आलेला, पीक विम्याची गर्दी, आणि त्यातच एक म्हातारी आजी केवायसीसाठी आली होती, निंदणाचा रोज पाडून, चार कोसावरच्या पोडावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून, ऑटोनं. कापूस वेचून वेचून बोटांच्या रेषा घासलेल्या, मशीनवर अंगठा लवकर उमटत नाही. मी तिचं बोट ओल्या फडक्यानं पुसलं, कोरडं केलं, दाबून धरायला सांगितलं, चौथ्या वेळेला मशीननं अंगठा घेतला आणि गोल चक्र फिरायला लागलं आणि त्याच क्षणी नेट गेलं. परत पहिल्यापासून. असं तीनदा झालं. शेवटी ती म्हणाली, बाई, माहं बोटच खराब झालं का वो. बोट खराब नव्हतं, तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिला मी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बोलावलं आणि दहा मिनिटांत काम झालं, पण तिचे दोन रोज बुडाले आणि दोन वेळचं ऑटोभाडं गेलं ते कोण देणार. त्या रात्री मला झोप आली नाही.

कंपनीकडं तक्रार केली, तक्रारीचा नंबर घेतला, माणूस आला. एकदा नाही, तीनदा आला. तो मागच्या खोलीत जायचा, डब्याला लॅपटॉप लावायचा, ९५-९६ स्पीड दाखवायचा आणि म्हणायचा, ताई, आमच्याकडून ओके आहे. मला त्याचा राग यायचा. पण आज सांगते, तो खरं बोलत होता. त्याची जबाबदारी त्या डब्यापर्यंत होती आणि डब्यापर्यंत नेट चांगलं येत होतं. बिघाड त्याच्या पुढं होता, आमच्या स्वतःच्या वायरमध्ये, आणि त्याला हात लावणारं कोणीच नव्हतं.

मग ज्यानं फिटिंग केली त्या भाऊंना बोलावलं. त्यांनी दोन्ही टोकांचे कनेक्टर कापून नवीन लावले, टेस्टर लावला, एक ते आठ सगळे हिरवे लाईट ओळीनं लागले, म्हणाले वायर एकदम बरोबर आहे वहिनी, राउटर गेला असेल. आम्ही राउटर आणला, बावीसशे रुपये. फरक नाही. कोणी म्हणे कुलर चालू झाला की व्होल्टेज पडतं म्हणून होते, तर छोटा यूपीएस घेतला, फरक नाही. कोणी म्हणे रिपीटर, म्हणजे वायफाय पुढं ढकलणारा डबा लावा, तो पण आणला, चौदाशे रुपये. चार-पाच हजार असेच गेले, आणि सगळे पैसे अशा गोष्टींवर गेले ज्या बिघडलेल्याच नव्हत्या.

शेवटी दिवाळीत माझा भाचा आला, पुलगावला राहतो, आयटीआय केलेला पोरगा, हेच काम करतो. त्यानं आल्या आल्या काहीच उघडलं नाही. खुर्ची घेऊन डब्यासमोर बसला आणि म्हणाला, मावशी, नेट जाईल तेव्हा मला फक्त कोणता लाईट जातो ते पाहायचं आहे. ही गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर फार बरं झालं असतं म्हणून सविस्तर लिहिते. सगळेच लाईट एकदम गेले आणि परत लागले तर करंटचा प्रॉब्लेम, अडॅप्टर नाहीतर व्होल्टेज. एलओएस नावाचा लाईट लाल झाला तर बाहेरचं फायबर, तुटलं आहे किंवा कुठंतरी जास्त वाकलं आहे, तिथं कंपनीच लागते. आणि बाकी सगळं जागेवर असून फक्त लॅनचा, म्हणजे घरातल्या वायरीचा, एकच लाईट जाऊन येऊन राहिला असेल तर बिघाड घरातल्या वायरचा. आमचा तिसरा प्रकार होता. लॅनचा लाईट दिव्यातलं तेल संपल्यावर वात जशी करते तसा, लागे, जाई, परत लागे.

मग त्यानं अर्धं-अर्धं करत जायची पद्धत वापरली. डब्याला हातभर वायरनं लॅपटॉप जोडला आणि काळ्या पडद्यावर १९२.१६८.१.१ या पत्त्याला, म्हणजे आपल्याच राउटरला, पिंग लावून ठेवलं, पिंग म्हणजे सारखी हाक मारून उत्तर येते का ते पाहणं. एक-एक मिलिसेकंदात उत्तर येत होतं, तासभरात एक ओळ चुकली नाही. मग तोच लॅपटॉप पुढच्या खोलीत लांब वायरीला जोडला, तर दर पाच-सात ओळींनंतर उत्तर नाही म्हणून ओळ यायची. मग त्यानं सोबत आणलेली वायर अंगणातून जमिनीवरूनच मोकळी टाकली, मागून पुढं, आणि तिच्यावर लावलं तर एकदम साफ. लॅपटॉप तोच, राउटर तोच, फक्त मधली वायर बदलली. पाऊण तासात कळलं की दोष कुठं आहे. दीड वर्ष आम्ही जे शोधत होतो ते. यात इंटरनेटचा काही संबंधच नाही हे लक्षात घ्या, आपल्या घरातल्या घरात मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत उत्तर येत नसेल तर त्यात टॉवरची, कंपनीची, सरकारच्या पोर्टलची कोणाचीच चूक नसते.

टेस्टर त्यानं पण लावला, पण दुपारी दोनला लावला आणि लावून वायर हलवत राहिला. चौथा लाईट लागत नव्हता. वायर हलवली की लागायचा, सोडली की जायचा. फिटिंगवाल्या भाऊंनी टेस्टर लावला होता तो संध्याकाळी सातला, थंड झाल्यावर, आणि वायर न हलवता. म्हणून तेव्हा आठही लागले.

मग आमचे हे आणि तो असे दोघं स्लॅबवर चढले आणि टिनांच्या खाली हात घालत घालत गेले. जिथं स्लॅब संपते आणि टिन चालू होतो तिथं एक जोड सापडला. वायर तिथं कमी पडली असेल, तर दोन तुकडे पिळून काळी टेप गुंडाळलेली. आमच्याकडं मे महिन्यात ४५-४६ पर्यंत जातं, टिनाखाली तर हात ठेववत नाही, त्या गरमीनं टेपचा गोंद वितळून काळा चिकट रस झाला होता आणि त्यात धूळ, कोळ्याचं जाळं, मुंग्या सगळं चिकटलेलं. टेप सोडली तर आत आठ तारा, त्यातली हिरवी तार नुसती टेकलेली, धरलेली नाही. ऊन तापलं की तार आणि टिन दोन्ही ताणायचे आणि ती सुटायची, गार झालं की परत टेकायची. पावसात त्या जोडात पाणी जायचं. आमच्या सकाळ-दुपारचं आणि झडीचं सगळं कोडं त्या बोटभर जागेत होतं. जोडाच्या अलीकडं वीतभर वायरीचं वरचं कव्हर उंदरानं कुरतडलेलं ते वेगळंच.

अजून दोन गोष्टी निघाल्या. भाच्यानं एका तारेवर ब्लेड हलक्या हातानं ओढलं आणि मला दाखवलं, वरून तांब्याचा रंग पण आत पांढरी चकचकीत. म्हणजे तार ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा नुसता मुलामा. दुकानात याला सीसीए म्हणतात, आमच्या इकडं मीटरमागं दहा-बारा रुपयाला मिळते आणि शुद्ध तांब्याची वीस-पंचवीसला. ही तार दोन-चारदा वाकवली की आतल्या आत तुटते, जोडावर लवकर खराब होते, आणि लांब अंतराला सिग्नल जास्त खाते. वर खोक्यावर मोठ्या अक्षरात कॅट सिक्स, म्हणजे चांगल्या दर्जाची नेटची वायर, असं लिहिलेलं असतं म्हणून आपण घेतो. घेताना दुकानदाराला एक इंच कापून ब्लेडनं खरडून दाखवा म्हणायचं, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. फिटिंगवाल्या भाऊंनी जे नवीन कनेक्टर लावले होते त्यात रंग जोडी-जोडीनं सरळ लावले होते, पांढरा-नारंगी मग नारंगी, पांढरा-हिरवा मग हिरवा, असं. दोन्हीकडं सारखंच लावलं म्हणून टेस्टरवर एक ते आठ बरोबर लागतात. पण नेटच्या वायरीत दोन-दोन तारा एकमेकींना पीळ देऊन ठेवलेल्या असतात ते उगाच नाही, जाणारा आणि येणारा करंट एकाच पिळातल्या जोडीतून गेला तर बाहेरचा गडबड करणारा सिग्नल आपोआप मारला जातो. आणि मशीन तिसरी आणि सहावी तार ही एक जोडी धरून चालते. सरळ रंग लावले की तिसरी एका पिळातली आणि सहावी दुसऱ्या पिळातली होते, पीळ असून नसल्यासारखा. दोन-तीन मीटरला चालून जातं, तीस मीटरला चालत नाही, आणि आमची वायर तर वरून लाईटच्या पाइपातून गेलेली, मोटरच्या आणि कुलरच्या तारांना चिकटून. मला त्या भाऊंना दोष द्यायचा नाही. ते लाईटचं काम चोख करतात, पंचवीस वर्षांपासून करून राहिले, त्यांना हे कोणी शिकवलंच नाही.

स्पीडचं पण एक सांगून ठेवते कारण बरेच लोकं फसतात. १०० पर्यंतच्या स्पीडला आठपैकी चारच तारा लागतात, पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. हजारच्या म्हणजे गीगाबिटच्या लिंकला आठच्या आठ लागतात. त्यामुळं बाकीच्या चारांतली एखादी तार तुटली तरी बहुतेक वेळा नेट बंद पडत नाही, नुसतं १०० वर उतरतं, किंवा एकदा जुळतं एकदा सुटतं. घरात ३०० चा प्लॅन असून वायरीवर काही केल्या ९४-९५ च्या वर जात नसेल तर प्लॅन वाढवू नका, आधी त्या आठ तारा बघा.

आता आमच्याकडं नवीन शुद्ध तांब्याची वायर आहे, वेगळ्या पाइपातून, अंगणाच्या भिंतीनं वळचणीखालून सावलीत नेलेली, मधात एकही जोड नाही, आणि जिथं लाईटच्या वायरीला आडवं जावं लागलं तिथं काटकोनात ओलांडलेली. एकाच पाइपात लाईट आणि नेट टाकणं तर धोक्याचंच, लाईटच्या तारेचं कव्हर उंदरानं खाल्लं आणि करंट नेटच्या वायरीत उतरला तर टेबलावरच्या माणसाच्या जिवाशी येते. वायर, पाइप, कनेक्टर सगळं मिळून हजार रुपयांच्या आत झालं. जो बावीसशेचा राउटर उगाच घेतला होता तो भाच्यानं पुढच्या खोलीत त्याच वायरीला लावून दिला, त्यातलं डीएचसीपी, म्हणजे मशीनांना पत्ते वाटायचं काम, बंद केलं आणि नुसता वायफाय देणारा म्हणून ठेवला, तर आता लोकांच्या मोबाईललाही पुढं नेट मिळते. सातबारा काढणारं मशीन आणि अंगठ्याचं मशीन ज्या कॉम्प्युटरला आहे तो मात्र वायरीवरच ठेवला.

मला सगळे विचारतात, एवढी कटकट कशाला, सरळ वायफायच घ्यायचं ना. आम्ही ते पण करून पाहिलं म्हणून अनुभवानं सांगते. मातीची दोन फुटाची भिंत वायफाय खाऊन टाकते, ५ गीगाहर्ट्झवालं तर पलीकडं जवळजवळ पोचतच नाही, २.४ वालं पोचते पण अर्धमेलं होऊन. टिनातून ते जात नाही, आपटून परत येते. आणि एक गोष्ट आपल्या विदर्भातली, उन्हाळ्याचे तीन-चार महिने खिडकीत कुलर बसवलेला असतो, म्हणजे लोखंडाची पेटी आणि त्यात ओल्या ताट्या, लोखंड सिग्नल अडवते आणि पाणी शोषते. हिवाळ्यात ज्या खिडकीतून अंगणापार नेट मिळायचं त्याच खिडकीतून एप्रिलमध्ये का मिळत नाही हे आम्हाला दोन उन्हाळे कळलं नाही.

रिपीटर लोकं चुकीच्या जागी लावतात, आम्हीही लावला होता, जिथं नेट येत नाही तिथं. त्यालाच सिग्नल मिळत नसेल तर तो पुढं काय देणार. तो अर्ध्या वाटेवर, जिथं अजून चांगला सिग्नल आहे तिथं लावायचा असतो, आणि स्वस्तातला असेल तर एकाच कानानं ऐकून त्याच तोंडानं बोलल्यासारखं, स्पीड जवळपास निम्मं होते. मेश नावाचे दोन-तीन डबे मिळतात ते चांगले असतात पण त्यांचीही गोष्ट तीच, मधातली भिंत जाड असली तर डब्यांनाही एकमेकांशी वायरीनंच जोडावं लागते. लाईटच्या बोर्डातून नेट नेणारे अडॅप्टर पण येतात, पण आपल्याकडं इन्व्हर्टर, वेगळे फेज, मोटारीचा त्रास, माझा भाचा म्हणाला खेड्यात त्यात पैसे घालू नको, आणि मी घातले नाही.

मोबाईलचं नेट सेंटरला चालेल का हे पण विचारतात. अडल्या वेळेला चालते, मी दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवलंच आहे. पण बाजाराच्या दिवशी आणि रात्री सात ते दहा टॉवरवर इतकी गर्दी असते की भरवसा नाही. २०२३ मध्ये एअरफायबर आलं, छतावर छोटी पेटी आणि टॉवरवरून फाइव्ह जी, खोदायचं नाही, ओढायचं नाही, ज्या गावात फायबर नाही त्यांच्यासाठी चांगलीच सोय आहे. पण तुमच्या स्वतःच्या छतावर फाइव्ह जी किती मिळते ते आधी मोबाईलवर बघा, नाक्यावर मिळते म्हणून घरी मिळेल असं नाही, आणि त्या छतावरच्या पेटीतूनही खाली खोलीत येते ती वायरच असते हे विसरू नका.

बिनवायरचं खरं काम कुठं आहे ते माझ्या दिराच्या शेतात बघितलं. घरापासून गोठा चारशे मीटरवर, गायी-बैल आणि मोटार, चोरीची भीती, म्हणून कॅमेरा पाहिजे होता. नेटच्या तांब्याच्या वायरीची हद्द १०० मीटर, म्हणून त्यांनी मधात ठिकठिकाणी सिग्नल पुढं देणारे डबे ठेवून उघड्यावरून वायर ओढली. मृगाच्या तोंडावर वीज कडाडली, कडूनिंबाच्या झाडाजवळ कुठंतरी पडली, घरावर पडली नाही, आणि तरी त्या लांब वायरीतून झटका येऊन राउटरची वायर लावायची दोन भोकं आणि कॅमेऱ्याचा डबा जळला. माणूस जवळ नव्हता हे नशीब. दोन वेगळ्या इमारतींच्या मधात उघड्यावरून तांबं नेऊच नये. तिथं एकतर फायबर न्यावं, लोखंडी तार नसलेलं, त्यात वीज येत नाही, आणि दोन टोकांना कन्व्हर्टर लावले की झालं. नाहीतर समोरासमोर दोन छोट्या अँटिना, आता दिरानं त्याच लावल्या आहेत. ५ गीगाहर्ट्झच्या त्या पट्ट्याला २०१८ पासून आपल्याकडं लायसन लागत नाही. एकमेकींना स्पष्ट दिसल्या पाहिजे एवढीच अट, मधात झाडाची फांदी आली की पावसाळ्यात पालवी वाढून सिग्नल पडतो, म्हणून त्यांनी एक अँटिना चार फूट वर चढवली. आणि इथं पण तेच झालं, अँटिनाला करंट नेटच्याच वायरीतून जातो, दुकानदारानं पुन्हा ॲल्युमिनियमची दिली होती, ती लांबीला करंट पाडते आणि गरम होते, अँटिना दर रात्री बंद-चालू व्हायची. तांब्याची टाकली तेव्हापासून बंद झालं नाही.

साहेब, २०११ मध्ये केंद्र सरकारनं ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली, पुढं तिलाच भारतनेट म्हणायला लागले. तेव्हापासून खांबापर्यंत, पंचायतीपर्यंत खूप काम झालं. ई-पीक पाहणी २०२१ मध्ये राज्यभर मोबाईलवर आली, पोरांचा अभ्यास, विमा, अनुदान, दवाखान्याचं कार्ड, सगळं नेटवर आलं. पण शेवटचे तीस मीटर कोणाचेच नाहीत. घर बांधणारा मिस्त्री भिंत फोडून लाईटचा पाइप टाकतो, नळाचा टाकतो, नेटचा टाकत नाही, कारण कोणी मागत नाही. घरकुलाला सरकारचे पैसे मिळतात, त्यात नेटसाठी एक वेगळा पाइप, आत नुसती ओढायची दोरी टाकून ठेवली तरी पुरे, शंभर-दीडशे रुपयांच्या वर खर्च नाही. माझी ग्रामसेवकांना, सरपंचांना आणि घर बांधणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून विनंती आहे की प्लास्टर व्हायच्या आधी तो पाइप टाकून घ्या. आणि आयटीआयमध्ये, तालुक्याला वायरमन लोकांच्या बैठका होतात तिथं, नेटची वायर कशी ओढायची, कनेक्टर कसा लावायचा, टेस्टर वायर हलवून कसा पाहायचा हे अर्ध्या दिवसात शिकवता येते. आमच्या फिटिंगवाल्या भाऊंना भाच्यानं माझ्याच ओसरीत बसवून शिकवलं, तासाभरात त्यांच्या हातात बसलं, आता ते आजूबाजूच्या गावात जाऊन जुन्या वायरी दुरुस्त करून राहिले.

तुमच्याकडं एकच मागणं आहे. खालची ओळ जरा मोठ्या अक्षरात चौकटीत छापा, म्हणजे पेपर कापून वायरमनच्या पेटीत ठेवता येईल. कनेक्टरचा खटका खाली, पितळी दात वर, तोंड आपल्यापासून दूर धरायचं आणि डावीकडून लावायचं, दोन्ही टोकांना हेच:

पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

आपली नम्र,
एक सेवा केंद्र चालवणारी वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा